बेसिनला पोट टेकवून दात घासणारं मूल

माझा लेक सात वर्षांचा आहे. दात घासताना तो बेसिनला पोट टेकवतो, जेवताना डाव्या हातावर गाल ठेवतो आणि पॅन्ट घालायला एक पाय उचलला की भिंतीवर जाऊन आदळतो. घरच्यांच्या मते हा आळस. आजी तर म्हणायच्या, "याच्या पाठीला कणा दिलाय की नाही देवाने?" ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षीच झालं होतं, पण त्याचा तोलाशीही संबंध असतो हे कळायला सहावं वर्ष सरलं.

ते थेरपिस्टताईंनी दाखवून दिलं. त्यांनी त्याला एका पायावर उभं केलं. समोरच्या स्विचबोर्डवर नजर लावून पठ्ठ्या चार सेकंद टिकला. मग मला म्हणाल्या, "आता हाक मारा." मी हाक मारली, त्याने मान वळवली आणि पाय खाली. डोळे मिटल्यावर तर एक सेकंदही नाही. तोल सांभाळायला शरीराला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि स्नायू-सांधे. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना या तिन्हींचा मेळ घालणं जड जातं. माझ्या मुलाची सगळी मदार डोळ्यांवर होती, आणि मी दिवसभर "इकडे बघ, इकडे बघ" करत नेमका तोच आधार काढून घेत होते.

म्हणून आमच्याकडचा पहिला नियम: तोलाचं काम चालू असताना बोलायचं नाही. आधी करून दाखवायचं, मग गप्प. शाबासकीसुद्धा पाय टेकल्यावर.

सुरुवात खुर्चीपासून करा. पाय लोंबकळत असतील तर "ताठ बस" म्हणण्यात काही अर्थ नाही. तळवे पूर्ण टेकायला हवेत, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. आम्ही पायाखाली जुना पाट ठेवला. तो सरकायचा, म्हणून खाली योगा मॅटचा तुकडा चिकटवला. पाठीमागे घट्ट गुंडाळलेली सोलापुरी चादर. गालावरचा हात लगेच सुटला नाही, पण ताटाबाहेर सांडणं आठवड्याभरात कमी झालं. जमिनीवर तो दोन्ही पाय मागे फाकवून बेडकासारखा बसतो. तसं बसलं की बसण्याचा पाया रुंद होतो आणि तोल फारसा सांभाळावाच लागत नाही. यावर ओरडू नका. मांडी घालायला लावून बुडाखाली उशी द्या, पाठ बरीच सरळ होते. चित्रं जोडायची असतील तर पालथं झोपून जोडू द्या, मान आणि पाठ दोन्हींना काम मिळतं.

सरावाआधी पाच मिनिटं अंगमेहनत. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालून स्वयंपाकघरातून गॅलरीत न्यायच्या, किंवा दोन्ही हातांनी भिंत ढकलायची. त्याने स्नायू-सांध्यांना जाग येते.

मग रेघ. फरशीच्या सांध्यावर रंगीत चिकटपट्टी लावा, अनवाणी, पावलाला पाऊल लावून चालायचं. चालायला कारण लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोण चालतंय? आमच्याकडे एका टोकाला चिंचोके, दुसऱ्या टोकाला डबा. दहा चिंचोके झाले की खेळ संपला. हे जमू लागल्यावर रेघेवर गोधडीची चौपदरी घडी टाकली. पाय मऊ जागी रुततो, घोटा लटपटतो आणि तो खुदकन हसतो.

लंगडी सगळ्यात शेवटी. आधी भिंतीला पूर्ण तळहात, मग एकच बोट, मग रुमालाचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं माझ्या. रुमाल काही वजन पेलत नाही, पण तेवढ्या स्पर्शानेही डुलणं कमी होतं.

झोपाळा जरूर द्या, पण पुढे-मागे, सावकाश. गरगर फिरवू नका. चेहरा पांढरा पडला किंवा घाम फुटला की तिथेच थांबा, मळमळ कधीकधी नंतर सुरू होते. जेवल्यावर लगेच नको. आकडी येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोका देऊच नका. सतत चवड्यांवर चालणाऱ्या मुलाच्या पोटऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, त्या आखडलेल्या असू शकतात. आणि येत असलेली गोष्ट अचानक येईनाशी झाली, किंवा मूल एकाच बाजूला पडू लागलं, तर घरचे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दर रविवारी सेकंद लिहिते. जूनमध्ये उजव्या पायावर 4, डाव्यावर 2. दिवाळीला उजव्यावर 9, डावा अजून 5 वर अडलाय. पॅन्ट मात्र पलंगावर बसूनच घालतो. शाळेची बस 7.10 ला येते, तेव्हा कसला आलाय सराव!