लहान मुलांसोबत ईस्टरच्या वस्तू बनवताय? मग या चुका टाळा

पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, लागला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. ताई, अंड्यांवर रंगच चढत नाहीये. ताई, गहू उगवलेच नाहीत. ताई, फेविकॉल अजून ओला आहे आणि कार्यक्रम उद्या सकाळी आहे. सुरुवात कधी केली असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आज सकाळी." आणि तो दिवस असतो शनिवार, ईस्टरचा आदला दिवस! मी वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या बारक्या मुलांना, म्हणजे साधारण तीन ते आठ वर्षांच्या, हाताने करायच्या वस्तू शिकवते आणि इतकी वर्षं तेच तेच बघून मला खरंच कळकळीने सांगावंसं वाटतं की बहुतेक सगळा गोंधळ घाईमुळे होतो. अख्खा आठवडा हाताशी असतो हो. थोडं थोडं रोज करा ना.

आधी रंगांबद्दल, कारण ही चूक मुलांच्या पोटात जाते.

होळीचे उरलेले रंग अंड्यांना लावू नका. दरवर्षी कोणीतरी करतंच. २०२४ मध्ये तर २५ मार्चला धुळवड, ३० ला रंगपंचमी आणि लगेच ३१ ला ईस्टर, म्हणजे घरोघरी पुड्या अजून टेबलावरच पडलेल्या. एका सोसायटीत मला मुलांना अंड्यांवर नक्षी शिकवायला बोलावलं होतं, मी पोचेपर्यंत तिथल्या हौशी मंडळींनी "ताईंचा वेळ वाचेल" म्हणून उकडलेली अंडी त्या पुड्या कालवलेल्या बादलीत बुडवून तयार ठेवली होती. रंग अगदी झगझगीत आलेला, गुलाबी, हिरवा, जांभळा. आणि एक छोटी पोरगी कोपऱ्यात बसून त्यातलं एक सोलत होती, आतल्या पांढऱ्यावर हिरवे डाग. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. ती रडली, तिची आई माझ्यावर चिडली, म्हणाली पुडीवर ऑरगॅनिक लिहिलंय, तुम्ही उगाच बाऊ करताय. मी बाऊ करतच राहिले आणि सगळी अंडी टाकायला लावली, कारण अंड्याचं कवच दिसायला भरीव असलं तरी त्याला हजारो बारीक छिद्रं असतात आणि उकडताना तडा गेला असेल तर रंग सरळ आतच जातो. अंगाला लावायचा रंग हा खायचा रंग नसतो, पुडीवर काहीही लिहिलेलं असो. पोस्टर कलर, मार्कर, स्टॅम्पपॅडची शाई, सगळ्यांना हेच लागू. ते वापरायचे असतील तर त्या अंड्यांना खाऊ म्हणून हात लावायचा नाही, आणि हे चार वर्षांच्या पोराला पटत नाही, म्हणून मी लहान गटात ते वापरतच नाही.

त्या दिवशी मग काय केलं? सोसायटीच्या स्वयंपाकघरांतून हळद आणि बीट गोळा केलं, एका मुलाला आजोबांबरोबर भाजीवाल्याकडे पाठवून कांद्याची सालं मागवली. भाजीवाल्याकडे टोपल्यांच्या तळाशी लाल कांद्याच्या सालांचा ढीगच असतो, तो पैसेही घेत नाही. मुठी-दोन मुठी सालं दोन कप पाण्यात वीस मिनिटं उकळली की विटेसारखा तांबूस रंग मिळतो, माझ्या मते सगळ्यात भरवशाचा. ग्रीसकडचे ख्रिस्ती लोक ईस्टरला लाल अंडी करतात, त्यांच्या घरांतही कांद्याची सालं वापरायची जुनी पद्धत आहे. बीट किसून उकळलं तर गुलाबी. हळद दोन चमचे टाकली तर पिवळा धम्मक. जांभळ्या कोबीचा अर्क पांढऱ्या अंड्यावर चक्क निळा येतो, मुलांचे डोळे विस्फारतात ते बघण्यासारखं असतं.

आता "रंग चढत नाही" ही तक्रार. तीन गोष्टी विचारते मी. व्हिनेगर घातलं का? एका कप रंगाच्या पाण्याला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर लागतंच, आंबटपणामुळे रंग कवचाला धरतो, नसेल तर लिंबू पिळा. दुसरं, अंडं कोणाच्या तेलकट हातातून आलंय का? बुडवण्याआधी व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून घ्या. आणि तिसरं, किती वेळ ठेवलं? इथे सगळे चुकतात. पाच मिनिटांत बाहेर काढून बघायचं, फिकट दिसलं की परत बुडवायचं, परत काढायचं, त्याने डाग पडतात. खाण्याच्या रंगाची बाटली पाच-दहा मिनिटांत काम करते, पण भाजीपाल्याच्या रंगाला वेळ द्यावा लागतो. मी रंग गाळून, पूर्ण गार करून त्यात अंडी घालते आणि भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी मुलं स्वतः चमच्याने काढतात. उलट काहीजण रंग लवकर यावा म्हणून व्हिनेगर भसाभस ओततात. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आंबटात ते विरघळतं, बुडबुडे येतात आणि अंडं खरबरीत होऊन हातात चुरा येतो. गावठी अंड्यांचं कवच मुळात तपकिरी असतं, त्यावर हळदीचा पिवळा दिसणार नाही, त्यांना कांदाच बरा.

अंडी बुडवण्याआधी छोट्यांना पांढऱ्या क्रेयॉनने नाहीतर साध्या मेणबत्तीच्या तुकड्याने अंड्यावर क्रूस किंवा नाव काढायला लावा. मेणावर रंग चढत नाही, नाव पांढरं राहतं. अंडं कोमट असताना नक्षी काढू नका, मेण फराटतं. थोडी मोठी मुलं असतील तर कोथिंबिरीचं पान कच्च्या अंड्यावर चिकटवून मलमलच्या तुकड्यात घट्ट बांधा आणि कांद्याच्या सालांच्या पाण्यातच उकडा, पानाची अख्खी नक्षी उमटते. बांधण्याचं काम मोठ्याने करावं, एवढंच.

फ्रीजमधलं गार अंडं उकळत्या पाण्यात टाकलं की तडकणारच. गार पाण्यात ठेवून मग गॅस लावा.

दुसरी चूक म्हणजे खरी अंडी लपवून खेळ खेळणं. एप्रिलमध्ये, आपल्याकडे! ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात कधीही येतो म्हणजे उकाडा ठरलेलाच. उकडलेलं अंडं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या पुढे असेल तर एकच तास. लोक मात्र सकाळच्या मिस्साआधी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधी, कुंड्यांमागे अंडी लपवतात, मग मिस्सा, मग नाश्ता, मग भाषणं, मग खेळ. तोवर मुंग्यांनी शोध लावलेला असतो. आणि एखादं सापडतच नाही, ते चार दिवसांनी वासाने सापडतं. चॉकलेटची अंडी लपवाल तर तीही टिकणार नाहीत, चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. मी पुठ्ठ्याची अंडी लपवायला देते, आठवडाभर मुलांनीच रंगवलेली, प्रत्येकावर आकडा, सापडलं की बदल्यात फ्रीजमधलं खरं अंडं. आणि किती लपवली ते लिहून ठेवा. रंगवलेली खायची अंडी सालीसकट फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात, तेव्हा सगळी रविवारीच संपवायचा हट्ट नको.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी, ईस्टरची बाग. परातीत माती, एका बाजूला आडवं अर्धं पुरलेलं मातीचं बोळकं म्हणजे येशूची कबर, तोंडाशी गोल दगड, मागे टेकडी करून काटक्यांचे तीन क्रूस, बाकी सगळीकडे हिरवं. शुक्रवारी मुलं दगड लावून कबर बंद करतात, रविवारी सकाळी दगड बाजूला. लहान पोरांना पुनरुत्थान समजावायला मला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. पण हिरवं उगवायला दिवस लागतात हो! घटस्थापनेला पेरलेले गहू नवमीपर्यंत कुठे वीतभर होतात हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला हवं का, तरी गुड फ्रायडेला गहू टाकून रविवारी गवत मागणारे भेटतातच. गहू रात्रभर भिजवून झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच्या शुक्रवारी पेरा. उशीर झालाच असेल तर मोहरी पेरा, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. त्याहून उशीर झाला असेल तर शेवाळ आणि दगड लावा आणि मुलाला खरं सांगा की या वेळी आपण उशीर केला.

खरं सांगा हे मुद्दाम लिहितेय. एका घरी मुलाने रोज पाणी घालून चार कोंब आणले होते, विरळ दिसतात म्हणून वडिलांनी रात्री ते उपटून बागेतलं लॉनचं गवत आणून लावलं. फोटोत फार सुंदर दिसली बाग. सकाळी पोरगा विचारतोय, माझे गहू कुठे गेले? मला त्या चार कोंबांचं अजून वाईट वाटतं. मुलाचं काम मोठ्यांनी सुधारून ठेवायचं नाही. तिरकं चिकटलेलं कागदाचं पिल्लू तिरकंच राहू दे.

बागेत पाणी जास्त झालं की आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी येते. परातीला भोकं नसतात, म्हणून तळाला जाडी वाळू घाला आणि मुलाच्या हातात तांब्या न देता फवाऱ्याची बाटली द्या. तांब्या दिला की तांब्याभर ओतणारच ते.

झावळ्यांचे क्रूस. सरावासाठी चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या झावळ्या वापरू नका, त्यांचे कपटे कचऱ्यात जाता कामा नयेत, जुन्या झावळ्या जाळून पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारची, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची, राख होते. सरावाला माडाची साधी कोवळी पाती आणा, हीर काढून टाका, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, वाळली की घडीवर चिरतात. पात्याची कड बोट कापते, लहानांना घडी घातलेलंच पातं द्या, शेवटचं खोचणं त्यांचं.

आलेलुयाची (देवाच्या स्तुतीचा घोष) पताका झावळ्यांच्या रविवारीच लावून मोकळं होऊ नका. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमध्ये आलेलुया म्हणत नाहीत, ती शनिवारी रात्रीच्या विधीत परत येते. पताका आधी बनवा, डब्यात बंद करा, चिकटपट्टी लावा. मुलं रोज डब्याकडे बघतात, विचारतात, आणि ते विचारणंच तर हवंय.

फुग्यावर गोंदात भिजवलेला दोरा गुंडाळून केलेली पोकळ अंडी उन्हात वाळत घालू नका. आतली हवा गरम होऊन फुगते, फुगा फुटतो, ओला दोरा बसतो. पंख्याखाली रात्रभर टांगा. आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, बारकी पोरं तोंडात घालतात, घशात अडकतात. टिकल्या, मणी, हलणारे डोळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या टेबलावर नकोतच.

सशाच्या मुखवट्याला इलॅस्टिक लावताना स्टेपलरच्या पिनेची टोकं बाहेरच्या बाजूला, वर चिकटपट्टी. चकचकीत कोटिंगच्या पेपरप्लेटवर पोस्टर कलर टिकत नाही, पोपडे निघतात, प्लेट उलटी करा.

मेणबत्त्या सजवणार असाल तर एक मिनिट थांबा. ईस्टर व्हिजिलला, म्हणजे शनिवारी रात्रीच्या त्या विधीत, फादर जी मोठी मेणबत्ती पेटवतात, जिच्यावर क्रूस, अल्फा-ओमेगा (ग्रीक लिपीतली पहिली आणि शेवटची अक्षरं), वर्षाचे चार आकडे आणि धूपाचे पाच दाणे असतात, तिच्यासारखी छोटी करायला मुलांना फार आवडतं. पण कागद आणि चमकी वातीपर्यंत गुंडाळलेली मेणबत्ती पेटवली की कागदच पेटतो. सजावट खालच्या भागात, रंगीत मेणाचीच. कागद लावलात तर ती मेणबत्ती पेटवायची नाही.

मार्झिपन म्हणजे मुळात बदाम-साखरेची मिठाई, पण त्याची अंडी आपल्याकडे काजूचीच. काजू मिक्सरमध्ये सलग फिरवले तर तेल सुटतं आणि गोळा साच्यातून निघत नाही, थांबून थांबून फिरवा. रंग पातळ असेल तर थेंबानेच घाला. गॅसजवळचं काम मोठ्यांचं, गरम साखर पाण्यापेक्षा वाईट भाजते. गोळा कोमट झाला की साच्याला आणि मुलांच्या हाताला तूप लावून त्यांच्या ताब्यात द्या. आणि वर्गात कोणाला काजू-शेंगदाणे सोसत नसतील तर ते आधीच विचारा, डबा उघडल्यावर नको.

हळदीचे डाग पडतीलच. कपडा धुवून कडक उन्हात घाला, हळदीचा रंग उन्हाने उडतो. बीटाचा डाग मात्र लगेच गार पाण्याखाली धरा, वाळू देऊ नका.