सही कशावर करताय, ते बघा

चिपळूण-खेडकडून दुबई-शारजात साइटवर नव्यानं येणाऱ्या पोरांनो, खोलीत सामान लावून झालं की आधी हे वाचा. मी एकोणीस वर्षं इथं आहे, त्यातली अकरा परांचीवर काढली.

हेल्मेट, बूट, हार्नेस (उंचीवर पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) कंपनीनं द्यायचे, तेही फुकट. पगारातून कापले तर स्लिप जपून ठेवा. कामावर लागलं तर उपचाराचा खर्च कंपनीचा. उपचार चालू असताना सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार, त्यापुढे सहा महिने अर्धा. इथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात हे आहे.

पण त्याच कायद्यातलं दुसरं कलम कॅम्पात कोणी सांगत नाही. सुरक्षेच्या सूचना समोर लावलेल्या असताना तुम्ही जाणूनबुजून मोडल्या, तर भरपाई मिळत नाही. दारू पिऊन कामावर असलात, तरी नाही. टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी साइटवर सुरक्षेबद्दल सांगतात ते, संपल्यावर सेफ्टीवाला सह्यांचा कागद फिरवतो, ती नुसती हजेरी नव्हे. ‘मला सांगितलं, मला कळलं’ ही तुमची कबुली आहे.

आमच्यातला एक जण हार्नेसचा हूक न अडकवता वर चढला आणि टाच मोडून घेतली. ‘खल्ली वल्ली (म्हणजे सोड रे), जल्दी करो’ म्हणून ओरडत होता तो फोरमन. चौकशीत कागद निघाला तो मात्र ह्याच्या सहीचा. फोरमनचं ओरडणं कुठं लिहिलेलं नसतं.

म्हणून समजलं नसेल तर सही करू नका. इंग्रजीत बोलत असतील तर तिथंच, सगळ्यांसमोर, हिंदीत सांगायला लावा. लाज वाटते, मलाही वाटायची. हूक मात्र कोणी सांगो न सांगो, अडकवायचाच.

१५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद. कंपनीनं हे मोडलं तर माणशी ५,००० दिरहम दंड आहे. काँक्रीट ओतणं, डांबर टाकणं अशा कामांना सूट असते. ते बघून मगच कामगार मंत्रालयाला ६००५९०००० वर कळवा. पाणी ठेवणं कंपनीचं काम. पण लघवीला खाली उतरायला नको म्हणून पाणीच न पिणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांना कुठला कायदा वाचवणार?

आणि लागलंच, तर दवाखान्यात ‘कामावर लागलं’ असंच सांगा. ‘खोलीत पाय घसरला म्हण, उगाच लफडं नको’ असं कानात सांगणारा कोणी ना कोणी सोबत येतोच.