करंट फीडबॅक अॅम्प बनवताय? आधी फीडबॅकचा रेझिस्टर ठरवा

ऐरोलीला घरी एडी८११ या करंट फीडबॅक ऑपअँप चिपवर लाइन ड्रायव्हर (लांब केबलला सिग्नल देणारा अॅम्प) बनवत होतो, डिस्टॉर्शन काही केल्या खाली येईना. माझ्या २० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपवर साइन वेव्ह एकदम स्वच्छ. शेवटी बोर्ड घेऊन रबाळ्याला एमआयडीसीत मित्राकडे गेलो, त्याच्या मोठ्या स्कोपवर लगेच दिसलं की सर्किट वरच्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट होतंय, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करतंय, आणि कारण काय तर साध्या ऑपअँपच्या सवयीने मी फीडबॅक रेझिस्टरवर २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला होता.

तो करंट फीडबॅकला चालत नाही. इथे इन्व्हर्टिंग पिन म्हणजे आतल्या बफरचं आउटपुट, त्यात जाणारा करंट हाच एरर सिग्नल, आणि तो किती जाणार हे फीडबॅक रेझिस्टर ठरवतो. कपॅसिटरने वरच्या फ्रिक्वेन्सीला तो रेझिस्टर जवळजवळ शॉर्ट होतो, मग ऑसिलेशन. म्हणून युनिटी गेनलाही (गेन १) आउटपुटपासून इन्व्हर्टिंग पिनला नुसती वायर लावायची नाही, रेझिस्टर हवाच.

व्हॅल्यू डेटाशीटमधूनच घ्या. एडी८११ ला ±१५ व्होल्टवर गेन २ साठी ६४९ ओहम, गेन १० साठी ५११. वाढवलात तर बँडविड्थ आणि लूप गेन (चूक सुधारायला फीडबॅककडे उरलेला गेन) दोन्ही कमी होतात, म्हणजे डिस्टॉर्शन वाढतं, फार कमी केलात तर पीकिंग, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला गेनचा उंचवटा.

आता नॉइज, खरी गंमत इथे आहे. इन्व्हर्टिंग पिनचा करंट नॉइज साधारण २० पिकोअँप पर रूट हर्ट्झ, ६४९ ओहमवर त्याचे आउटपुटला १३ नॅनोव्होल्ट होतात, चिपचा स्वतःचा १.९ नॅनोव्होल्ट नॉइज गेन २ ने दुप्पट होऊनही ४ च्या आतच. रेझिस्टरचा नॉइज धरून सगळं इनपुटला रेफर केलं (गेनने भागलं) तर गेन २ ला ७ नॅनोव्होल्टच्या आसपास येतं, गेन १० ला अडीचच्या आत. म्हणून ही चिप जास्त गेनला वापरा, आणि गेन वाढवताना इन्व्हर्टिंग पिनपासून ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर कमी करा (गेन १० ला फीडबॅकच्या ५११ सोबत ५६ ओहम), फीडबॅकचा वाढवू नका. सोर्सही कमी इम्पिडन्सचा पाहिजे, इनपुटला १० के चा पॉट लावून लो नॉइजची अपेक्षा धरू नका.

इन्व्हर्टिंग जोडणीत (सिग्नल रेझिस्टरमधून इन्व्हर्टिंग पिनला) इनपुट पिन जागच्या जागी राहतात त्यामुळे डिस्टॉर्शन बहुतेकदा कमी मिळतं, फक्त आधीच्या स्टेजला तो इनपुटचा छोटा रेझिस्टर ड्राइव्ह करता आला पाहिजे.

लेआउटला कंजूषी नको. इन्व्हर्टिंग पिनखालचं ग्राउंड कॉपर काढा, दोन्ही सप्लाय पिनला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि जवळच १० मायक्रोफॅरड. रेझिस्टर मेटल फिल्म, सिग्नलच्या वाटेत छोटा सिरॅमिक कपॅसिटर लागलाच तर सीओजी प्रकारचा, एक्स७आर नाही (त्याची व्हॅल्यू व्होल्टेजप्रमाणे बदलते). कोअॅक्स केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, त्यामुळे आउटपुटला सिरीजमध्ये रेझिस्टर टाका आणि केबल जोडलेली असतानाच मोठ्या स्कोपवर पुन्हा बघा.