छोट्या इलेक्ट्रिक लॉग स्प्लिटरने घरचं सरपण कसं फोडायचं

पाच टन जोर लावणारा छोटा इलेक्ट्रिक लॉग स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडायचं यंत्र, घरी आला की पहिली चूक बहुधा लाकडापाशी होत नाही, ती प्लगपाशी होते. येऊरचा बंगला असो की उरण-पनवेलकडचं गावातलं घर, बंबाचं आणि चुलीचं सरपण फोडायचं असतं परसात आणि पॉइंट असतो आत. मग टेबल फॅनची एक्स्टेंशन खिडकीतून बाहेर ओढली जाते. मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही, आणि सगळे म्हणतात यंत्र खराब निघालं.

हिशेब करून बघा. या यंत्रांची मोटर साधारण 1500 ते 2200 वॅटची असते. 2200 वॅटला 230 व्होल्टवर साडेनऊ अँपिअर लागतात आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. त्यामुळे 16 अँपिअरचा मोठा तीनपिनी पॉइंट, खात्रीचं अर्थिंग आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), एवढं असलंच पाहिजे. एक्स्टेंशन लागलीच तर तांब्याची, तीन कोअरची, 2.5 चौरस मिलिमीटरची केबल घ्या आणि लांबी 10 मीटरच्या आत ठेवा. 1 चौरस मिलिमीटरची 25 मीटर वायर लावली तर चालत्या मोटरलाच नऊ-दहा व्होल्ट कमी पोहोचतात. सुरू होताना करंट चौपट झाला की ही घटही चौपट. रिळावरची केबल पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली केबल लोडवर तापते आणि आवरण वितळतं.

आता हवेचा स्क्रू. तेलाच्या टाकीला एक छोटा स्क्रू असतो आणि नवीन माणूस हमखास तो विसरतो. पुशर, म्हणजे तेलाच्या दाबाने ओंडका लोखंडी पाचरीवर ढकलणारा भाग, पुढे जातो तेव्हा टाकीतलं तेल सिलिंडरमध्ये जातं, त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. पुशर मागे आला की ती बाहेर पडते. स्क्रू घट्ट असेल तर कोंडलेली हवा प्रत्येक फेरीला दाबली जाते, फुगते, आणि शेवटी सील फुटून तेल गळायला लागतं. काम सुरू करण्याआधी स्क्रू दोन-तीन आटे सैल करा आणि एकदा मोकळी फेरी मारा. भोकातून हवा आत-बाहेर होताना जाणवली पाहिजे. काम संपलं, यंत्र हलवायचं, की आधी स्क्रू घट्ट करा. नाहीतर यंत्र तिरकं होताच तेल फरशीवर.

ओंडक्याची लांबी यंत्रावर लिहिलेली असते, छोट्यांवर बहुधा 370 किंवा 520 मिलिमीटर. जाडी 5 ते 25 सेंटिमीटर. दोन्ही टोकं काटकोनात कापलेली हवीत. तिरकं टोक पुशरवर नीट टेकत नाही आणि दाब आला की ओंडका वर उसळतो. शहरातल्या झाडाचं लाकूड असेल तर खिळे, पाट्यांचे स्क्रू, दिव्यांच्या माळांच्या तारा आधी शोधून काढा.

चालवायला दोन्ही हात लागतात, एकाने मोटरचं बटण, दुसऱ्याने लिव्हर. कुठलाही एक हात सोडला की पुशर थांबतो. लिव्हर दोरीने बांधून एक हात मोकळा करायची युक्ती काही जण सांगतात. ती कधीही करू नका, बोटं त्यातच जातात. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने लिव्हर दाबायची, हेही नाही. यंत्रापाशी एकच माणूस, मुलं लांब. डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि पायांत बंद बूट घालाच.

खरं कसब ओंडका लावण्यात आहे. टोकाला वाळताना पडलेली चीर असेल तर पाचर त्याच रेषेत येऊ द्या. गाठ असलेलं टोक पुशरकडे, स्वच्छ टोक पाचरीकडे. फाटा फुटलेला जाड ओंडका मधोमध फोडायला जाऊ नका, कडेकडेने ढलप्या काढत आत या. सुरूचं लाकूड ओलं असताना छान उकलतं. निलगिरीही ताजीच फोडावी, वाळली की तिच्या गुंतलेल्या रेषा हट्ट धरतात. बाभूळ वाळली की दगड होते. चिंच आणि रस्त्याकडेचा विलायती शिरीष यांच्या रेषा एकमेकींत अडकलेल्या असतात, त्यातले बारीक तुकडेच घ्या. नारळाच्या खोडावर वेळ घालवू नका, ते नुसतं तंतू सोडतं. आंबा आणि काजूचा चीक अंगावर उठतो, म्हणून ती लाकडं हाताळताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे हवेत.

पुशर अडला तर पाच सेकंदांच्या वर दाब धरू नका. लाकूड फुटायचं असेल तर तेवढ्यात चीर दिसते. त्यापुढे फक्त तेल तापतं आणि सीलवर ताण येतो. लिव्हर सोडा, ओंडका फिरवा, दुसऱ्या जागी पाचर लावा. पाचरीत रुतलेला ओंडका हातोडीने ठोकू नका. पुशर मागे घ्या, ओंडक्याखाली उताराची लाकडी पाचर सरकवा, पुशर पुढे आणून ती आत ढकला. हळूहळू मोठी पाचर घेत गेलात की ओंडका वर सुटतो.

लेबलवर एस6 40% लिहिलं असेल तर दहा मिनिटांच्या चक्रात चार मिनिटं लोड, सहा मिनिटं मोकळी मोटर. मे महिन्याच्या दुपारी त्याहूनही सबुरीने घ्या.

तेल लेबलवर सांगितलेल्याच ग्रेडचं, बहुधा आयएसओ व्हीजी 32 किंवा 46 हायड्रॉलिक. ब्रेक ऑइल अजिबात नाही, सील फुगतात. पुशर झटके देत पुढे गेला तर तेल कमी आहे किंवा आत हवा आहे. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते बदलायलाच हवं. पावसात यंत्र बाहेर चालवू नका. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत, वाशी-ऐरोलीकडे तर विशेष, पुशरच्या रुळांवर गंज लवकर धरतो. काम संपलं की भुसा झटकून रुळांना ग्रीसचा हात द्या.

फोडायला दिवाळीनंतरचा काळ बरा. लाकूड तेव्हा फोडून, जमिनीपासून वीतभर वर, वारा खेळेल असं रचलं की मेअखेर ते छपराखाली घेता येतं. आषाढात रचलेलं वाळत नाही, बुरशीच धरतं. आणि झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी ठाणे-नवी मुंबईत तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 च्या कायद्यानुसार. आधी ती घ्या, करवत नंतर.