प्रॉपर्टी एजंटची वेबसाइट: चौकशी येत नसेल तर या चुका शोधा

वेबसाइटवर खर्च केला, सहा महिने झाले, एकाचाही फोन नाही. एजंट मंडळींकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता आधी एकच काम करतो. त्यांच्याशेजारी बसून त्यांच्याच साइटवरचा चौकशीचा फॉर्म भरतो आणि मेल येतो का ते पाहतो. बरेचदा येतच नाही. माणसं घर बघायला आली, फॉर्म भरून गेली, उत्तराची वाट पाहून दुसऱ्या एजंटकडे वळली, आणि इकडे पत्ताच नाही.

कारण बहुतेक वेळा साधं असतं. वर्डप्रेसवरचे (साइट बनवायचं लोकप्रिय सॉफ्टवेअर) फॉर्म मूळ सेटिंगमध्ये होस्टिंगच्या, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरवरूनच मेल धाडतात, आणि तो मेल खरंच तुमच्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा आहे याचा पुरावा सोबत नसतो. त्यात काही जण फॉर्मच्या ‘फ्रॉम’ रकान्यात चौकशी करणाऱ्याचाच ईमेल टाकतात, म्हणजे मेल बनावट दिसतो आणि थेट स्पॅममध्ये जातो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केले आहेत. ‘फ्रॉम’मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. मेल एसएमटीपीवरून (मेल खात्यात लॉगिन करून पाठवायची पद्धत) पाठवा, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफ व डीकेआयएम या मेल तुमचाच असल्याचा पुरावा देणाऱ्या नोंदी करून घ्या. शिवाय प्रत्येक चौकशी साइटच्या डेटाबेसमध्येही साठू द्या. काँटॅक्ट फॉर्म ७ हे लोकप्रिय प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) ती स्वतःहून साठवत नाही, त्यासाठी जोडीला फ्लेमिंगो हे दुसरं प्लगइन टाकावं लागतं. दर महिन्याला एकदा स्वतः फॉर्म भरून बघा, तोही दुसऱ्याच्या फोनवरून.

फॉर्म ठीक आहे, पण साइट गूगलवर सापडतच नाही? वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट असते. साइट बांधताना ती टिक करतात आणि नंतर काढायची राहून जाते. ती बघा, मग सर्च कन्सोल या गूगलच्या फुकट साधनात पानाचा पत्ता टाकून ते इंडेक्स झालं आहे का, म्हणजे गूगलच्या यादीत आलं आहे का, ते तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

साइट घरांची, एजंटची नाही

सगळ्यात महाग चूक मला हीच वाटते. होमपेज उघडलं की वर मोठा सर्च बॉक्स आणि खाली घरांच्या फोटोंची रांग. मोठी पोर्टल्स हजारो घरं दाखवतात, त्या खेळात तुमची पंचवीस घरं टिकणार नाहीत. आणि तुम्ही विकता ती घरं नाहीत, ती मालकाची असतात. तुम्ही विकता ती तुमची सेवा: कोणता भाग तुम्हाला गल्लीबोळांसकट माहीत आहे, कागदपत्रं कोण तपासतं, भावाची बोलणी कशी करता, पहिल्या फोनपासून किल्ली हातात येईपर्यंत काय काय होतं, दलाली किती आणि ती कधी द्यायची. हे सगळं साध्या शब्दांत लिहिलेलं पान मी फार थोड्या साइट्सवर पाहिलं आहे. दलालीबद्दल बोलायला संकोच वाटतो हे मी समजू शकतो. पण ग्राहकाच्या मनात तो प्रश्न पहिल्या मिनिटापासून असतो.

विकणाऱ्यासाठी तर बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. घर घेणाऱ्याला घर बघायचं असतं, विकणाऱ्याला माणूस पारखायचा असतो. माझ्या घराची किंमत कशावरून ठरवाल, फोटो कोण काढेल, बघायला येणाऱ्यांसोबत तुम्ही स्वतः याल का? त्याच्यासाठी वेगळं पान करा आणि मेनूत ‘घर विकायचं आहे’ असं सरळ लिहा.

विकलं गेलेलं घर साइटवर तसंच ठेवू नका. फोन करणाऱ्याला दोनदा ‘ते गेलं’ असं ऐकावं लागलं की तो तिसऱ्यांदा करत नाही. पण पान उडवूही नका. ‘विकलं गेलं’ असा ठळक शिक्का लावा आणि खाली त्याच भागातली चालू घरं जोडा. पान काढायचंच असेल तर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणं) त्या भागाच्या पानाकडे द्या. सगळी जुनी पानं होमपेजवर वळवली तर गूगल त्यांना न सापडलेली पानंच समजतं.

फोटो

फोनमधून काढलेले चार-पाच एमबीचे वीस फोटो जसेच्या तसे चढवले की पान रांगत उघडतं. पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची कसोटी आहे. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या साधनावर तुमचा आकडा फुकटात कळतो. फोटो १६०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून वेबपी या हलक्या फाइल प्रकारात ठेवा. लेझी लोडिंग (स्क्रोल करत तिथे पोहोचल्यावरच फोटो उघडणं) खालच्या फोटोंना लावा, सर्वांत वरच्याला नको.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. फोनच्या फोटोत बरेचदा घराचं अचूक ठिकाण दडलेलं असतं. शिवाय भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, टेबलावरची औषधं, दाराला लटकणाऱ्या किल्ल्या. त्या घरात अजून माणसं राहत असतात. चढवण्यापूर्वी ठिकाणाची माहिती पुसा आणि प्रत्येक फोटो घरमालकाच्या नजरेने बघा.

फोन नंबर चित्रात टाकू नका, बोट लावताच फोन लागला पाहिजे. नाव, पत्ता आणि नंबर गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगल सर्च आणि मॅप्सवर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद) आहेत तसेच साइटवर असू द्या. अभिप्राय रचून लिहू नका, त्यासाठी सवलतही देऊ नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही. किल्ली सोपवण्याच्या दिवशी मागा, तेव्हा लोक आनंदाने आणि तपशिलाने लिहितात.

डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे आजच बघून घ्या. साइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं, पुढे त्याचा फोन लागत नाही आणि मुदत संपल्याचा मेल तिसऱ्याच पत्त्यावर जातो. .कॉमसारखं डोमेन मुदत संपून काढून टाकलं गेलं, तर ३० दिवस ते जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं. त्यानंतर काही दिवसांत ते कोणीही घेऊ शकतं, आणि तुमच्या जुन्या पाट्यांवर, कार्डांवर पत्ता मात्र तोच छापलेला राहतो.