गॅरेजच्या दरवाजाच्या बाबतीत या चुका टाळा

बटण दाबलं की दरवाजा वर जातो, म्हणून तो मोटर उचलते असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात दोन गाड्यांच्या गॅरेजचा दरवाजा ऐंशी-शंभर किलोंचा सहज असतो, आणि हे वजन पेलते ती स्प्रिंग. अर्ध्या-पाऊण हॉर्सपॉवरची मोटर त्याला फक्त ढकलते आणि ओढते. खालच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ याच एका गैरसमजात आहे. (इथे विषय आहे आडव्या फळ्या जोडून केलेल्या, रुळांवरून वर जाऊन छताखाली आडव्या होणाऱ्या दरवाजाचा. गुंडाळल्या जाणाऱ्या शटरची रचना वेगळी.)

दरवाजा कुरकुरतो म्हणून मोटरचा जोर वाढवणं

दरवाजा अर्ध्यात थांबतो किंवा खाली येता येता परत फिरतो. मग कोणीतरी मोटरच्या मागचा जोराचा स्क्रू थोडा पिळतं आणि दरवाजा निमूटपणे चालू लागतो. दुरुस्ती झाली असं वाटतं, पण झालेलं असतं उलटंच. दरवाजा कशाला तरी टेकला हे मोटरला विरोधावरूनच कळतं. जोर वाढवला म्हणजे मागे फिरण्याआधी ती खाली सापडलेल्या वस्तूला, किंवा माणसाला, अधिक दाबणार.

आधी दरवाजाचा तोल बघा. पाच मिनिटांचं काम आहे. दरवाजा पूर्ण बंद करा, मोटरचा प्लग काढा आणि लाल मुठीची दोरी ओढून दरवाजा मोटरपासून सोडवा. आता तो हाताने कमरेएवढा उचला आणि पकड हळूहळू सैल करा. हात मात्र जवळच ठेवा आणि पाय दरवाजाखाली नकोत. तोल बरोबर असेल तर दरवाजा जवळपास तिथेच थांबतो, चार बोटं खाली-वर झाला तरी चालतं. धाडकन खाली बसत असेल तर स्प्रिंग थकली आहे, आपोआप वर पळत असेल तर ताण जास्त आहे. उचलतानाच दम लागत असेल तर चाचणी तिथेच थांबवा, उत्तर मिळालेलं आहे.

आतून प्लायवूड ठोकलं, थर्मोकोलचं अस्तर लावलं किंवा काच बसवली, तरी तोल जातो. स्प्रिंग दरवाजाच्या वजनानुसार निवडलेली असते. पाच-सात किलो वाढले की तीच स्प्रिंग अपुरी पडते.

दरवाजा वर असताना लाल दोरी ओढणं

वीज गेली, गाडी बाहेर काढायची आहे, अशा वेळी ही दोरी उपयोगाची. पण ती ओढायची दरवाजा बंद असताना. स्प्रिंग तुटलेली असेल आणि दरवाजा वर अडकला असेल, तर त्याला धरून ठेवणारी एकटी मोटरच उरलेली असते. दोरी ओढली की सगळं वजन एकदम खाली येतं.

स्प्रिंग तुटल्याचं ओळखणं सोपं आहे. दरवाजाच्या वरच्या दांड्यावर गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये दोनेक इंचांची फट दिसते. तुटताना फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. पुष्कळदा तो रात्री येतो आणि सकाळी दरवाजा वीतभर उचलून थांबतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, मोटरच्या आतली प्लास्टिकची गिअर सोलवटून निघते. दरवाजा वरच अडकला असेल तर दोन्ही बाजूंच्या रुळांवर, रोलरच्या (रुळात फिरणाऱ्या चाकाच्या) लगेच खाली, लॉकिंग पकड (आवळली की तशीच घट्ट राहणारी पक्कड) लावून ठेवा. तंत्रज्ञ येईपर्यंत खालून ये-जा बंद.

स्प्रिंगला हात लावणं, आणि न कळत लावणं

साधारण सात फूट उंचीच्या दरवाजाच्या स्प्रिंगला सात ते साडेसात पूर्ण पीळ दिलेले असतात. ते सोडायला आणि भरायला त्या मापाचे पोलादी दांडे लागतात. त्याऐवजी स्क्रू ड्रायव्हर खुपसणाऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर निसटतो आणि मनगट किंवा जबडा मोडतो. हे काम स्वतः करू नका, एवढंच सांगणं पुरेसं आहे.

पण स्प्रिंगपासून चार हात लांब राहणारी माणसंही एका जागी फसतात: सर्वात खालच्या फळीच्या कोपऱ्यातली पट्टी. खालचा रोलर झिजला, बदलायला दोन बोल्ट काढायचे, त्यात काय मोठंसं? पण वर उचलणारी वायर याच पट्टीत अडकवलेली असते. दरवाजा बंद असताना स्प्रिंगचा सर्वाधिक ताण असतो आणि तो सगळा त्या वायरवर असतो. बोल्ट ढिले झाले की पट्टी वायरसकट वर उसळते. काही उत्पादक हे बोल्ट लाल रंगवतात, ते उगाच नाही. मधले रोलर आणि बिजागऱ्या बदलता येतात, खालचा कोपरा मात्र सोडून द्या.

त्याच कोपऱ्यात दर महिन्याला नजर टाका. पट्टीजवळ ओल आणि मीठ साचतं, वायर तिथेच गंजते आणि तिचे बारीक धागे बाहेर येऊ लागतात. एकही धागा तुटलेला दिसला की वायर बदलायची.

रुळांच्या वर लांबीत ताणली जाणारी स्प्रिंग असेल, तर तिच्या पोटातून आरपार गेलेली सुरक्षा-वायर असायलाच हवी. ती नसेल तर तुटलेली स्प्रिंग गोळीसारखी गॅरेजभर उडते.

साध्या स्प्रिंगचं आयुष्य सुमारे १०,००० वेळा उघड-बंद करण्याएवढं धरतात. दिवसाला चार वेळा म्हटलं तर सात वर्षांच्या आतच. जोडीतली एक तुटली तर दुसरीही बदला, तिचं वय तेवढंच आहे.

सेन्सर गप्प करणं

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत, अदृश्य किरणाचे डोळे असतात. रांगतं मूल किंवा मांजर आडवं येईल ते याच उंचीवर. अमेरिकेत घरगुती मोटरला असं दुय्यम संरक्षण १९९३ पासून सक्तीचं आहे. त्याहून जुनी, सेन्सर नसलेली मोटर अजून चालू असेल तर ती दुरुस्त करू नका, काढून टाका.

सेन्सर त्रास देतो म्हणून दोन्ही डोळे काढून छताला समोरासमोर चिकटवणारे हुशार लोक असतात. भिंतीवरचं बटण दाबून धरून, सेन्सरला न जुमानता, रोज दरवाजा बंद करणारेही असतात. पहिला प्रकार म्हणजे सेन्सर नसल्यातच जमा. दुसरा निदान डोळ्यांसमोर तरी घडतो, पण त्यात सेन्सरचं काम तुमच्या डोळ्यांनी करायचं असतं.

दोष शोधायला वेळ लागत नाही. दोन्ही सेन्सरवरचे दिवे स्थिर पेटलेले हवेत. एक विझलेला किंवा लुकलुकत असेल तर काच मऊ फडक्याने पुसा आणि कोळ्याचं जाळं काढा. तरी नाही? झाडू किंवा सायकल लागून सेन्सर धरणारा पत्रा वाकला असेल. त्यावरचा पंखासारखे कान असलेला नट हाताने ढिला करून दिवा स्थिर होईपर्यंत डोळा हळूहळू फिरवा. तक्रार फक्त सकाळी किंवा फक्त संध्याकाळी येत असेल तर ऊन थेट घेणाऱ्या डोळ्यात जात आहे. घेणारा आणि पाठवणारा यांच्या जागांची अदलाबदल करा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. किरण एकाच रेषेत असतो. उंच गाडीचं मागचं टोक चाकांच्या बरेच मागे आलेलं असतं. ते दरवाजाखाली असलं तरी किरण त्याच्या खालून आरपार जातो.

ठोकळ्याची चाचणी न करणं, किंवा चुकीची करणं

उघड्या दरवाजाखाली मधोमध ३८ मिलिमीटर जाडीची फळी आडवी ठेवा आणि दरवाजा बंद करा. फळीला लागल्यावर दोन सेकंदांत तो परत वर गेला पाहिजे. टॉयलेट पेपरचं रीळ किंवा उशी ठेवून काही कळत नाही, ती दबते.

दरवाजा फळीवर टेकून तसाच थांबला, तर खालची मर्यादा, म्हणजे दरवाजा किती खाली जायचा हे मोटरला ठरवून दिलेलं माप, चुकली आहे. मोटरला वाटतं जमीन आली, आणि जमिनीवर टेकल्यावर मागे फिरायचं नसतं. खाली जाण्याची मर्यादा थोडी वाढवून पुन्हा बघा. तरी फिरत नसेल तर प्लग काढा आणि दरवाजा हाताने वापरा.

बारीकसारीक, पण रोजचं

रुळांत ग्रीस भरू नका, धूळ चिकटून रोलर अडतात. रूळ कोरड्या फडक्याने पुसा. बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंगचे वेढे यांना सिलिकॉन स्प्रे किंवा पांढरं लिथियम ग्रीस, वर्षातून दोनदा. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला चांगलं, वंगण म्हणून टिकत नाही.

मोटर बसवली की जुनी आडवी कडी काढून टाका. कडी लागलेली असताना रिमोट दाबला तर वरची फळी वाकते. दरवाजा हाताने ओढायची जुनी दोरीही काढा (लाल मुठीची नव्हे), कपड्यांत अडकते. हाताने बंद करताना दोन फळ्यांच्या फटीत बोटं घालून ओढू नका, खाली येताना ती फट मिटते. मूठ नसेल तर आत-बाहेर दोन्हीकडे बसवून घ्या.

भिंतीवरचं बटण किमान दीड मीटर उंचीवर आणि दरवाजा दिसेल अशा जागी हवं. रिमोट हरवला तर नवा घेण्याआधी मोटरची स्मृती पुसा आणि उरलेले रिमोट पुन्हा जोडा. गाडी विकताना तिच्या आरशातलं किंवा छतातलं, दरवाजा उघडणारं रिमोटचं बटणही पुसायचं असतं. नव्या मालकाकडे तुमच्या गॅरेजची किल्ली जाते ती तिथूनच.