दांडिया बाजारातून कुठेही: तुकड्यांच्या जाळ्यातून डिजिटल गोष्ट कशी बांधायची

बहुतेक विद्यार्थी डिजिटल गोष्ट करायला बसले की आधी सलग गोष्ट लिहून काढतात, मग तिचे दहा तुकडे पाडतात आणि प्रत्येकाखाली ‘पुढे’ असं बटण लावतात. हे पुस्तकच झालं, पानं अंगठ्याने उलटायची एवढंच. जाळ्यातल्या गोष्टीत एका तुकड्यावर वाचक तीन निरनिराळ्या वाटांनी येतो आणि तिथून दोन-तीन वाटांनी बाहेर पडतो. म्हणून तुकडे लिहायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ सांधे, म्हणजे एका तुकड्यातून दुसऱ्यात नेणारे दुवे, बसवायला राखून ठेवा.

इथली पद्धत बडोद्यातल्या जुन्या मराठी वस्तीवर, समजा दांडिया बाजार ते मांडवी एवढ्या टापूवर, तीन जणांच्या गटाने तीन-चार आठवडे काम करायचं आहे असं धरून लिहिली आहे. इंदूरच्या राजवाड्याभोवती किंवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात करायचं असेल तरी पायऱ्या त्याच.

आकार आणि प्रश्न

24 तुकडे पुरेत. एकेक 60 ते 120 शब्दांचा, आणि सोबत एक फोटो किंवा 30 ते 50 सेकंदांचा आवाज. दोन्ही एकाच तुकड्यात कोंबले की वाचक फोटो बघतो आणि आवाज सोडून देतो. प्रत्येक तुकड्यातून सरासरी तीन दुवे निघतात असं धरलं तर 24 तुकड्यांत 72 सांधे होतात, आणि प्रत्येक सांधा वाचून तपासायचा असतो. 40 तुकडे केले की हाच आकडा 120 वर जातो आणि शेवटच्या आठवड्यात कोणीही तपासत नाही.

‘दांडिया बाजार’ हा विषय नव्हे, तो पत्ता आहे. त्याला एक प्रश्न लावा. ‘या घरांत आजी, सून आणि नात एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलतात?’ किंवा ‘इथल्या माणसांच्या पायाखाली काय काय होतं?’ दुसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण असाच प्रश्न तुकडे जोडायला उपयोगी पडतो. कसा, ते पुढे येईलच.

गोळा करताना

आवाजासाठी फोन चालतो. तो एअरप्लेन मोडवर टाका आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून साधारण वीतभर, जरा बाजूला धरा. समोर धरला तर प, फ, भ म्हणताना फुंकर बसते. रेकॉर्डिंगच्या अॅपमध्ये सोय असेल तर वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ असं निवडा. दाबून लहान करायचं काम नंतरचं. पंखा बंद करायला सांगा. उन्हाळ्यात हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याची घरघर काढायला गेलं की आवाजातला जिवंतपणाही निघून जातो. बाजारातली दुकानं उघडायच्या आत, सकाळीच, जा.

झोपाळ्यापासून सावध राहा. बडोद्यातल्या जुन्या घरात पाहुण्याला झोपाळ्यावर बसवतात आणि आजीही तिथेच बसून बोलायला लागतात. कड्यांची कुरकुर दर दोन सेकंदांनी वाक्यात शिरते, आणि मधलं वाक्य कापायचं म्हटलं की कुरकुरीचा ताल तुटलेला लगेच ऐकू येतो. आजींना खुर्चीत बसवा. बोलणं संपल्यावर रिकाम्या झोपाळ्याची कुरकुर एक मिनिट वेगळी घ्या, आणि कोणीही काहीही न बोलता खोलीचा नुसता आवाज आणखी एक मिनिट घ्या. कापलेल्या जागी हा रिकाम्या खोलीचा आवाज भरतात. तो नसला की कापलेल्या जागी कानाला खड्डा लागतो.

आवाज कागदावर उतरवताना बोली दुरुस्त करू नका. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात. ‘आमच्या खडकीत’ असं कोणी म्हटलं तर खडकी म्हणजे एका सामाईक दारातून आत गेल्यावर लागणारा घरांचा पुंजका. आपोआप लिहून देणारं अॅप त्याची ‘खिडकी’ करण्याची शक्यता दाट, आणि पुण्याच्या वाचकाला तर खडकी म्हटलं की रेल्वे स्टेशनच आठवणार. शब्द तसाच ठेवा आणि त्याचा एक स्वतंत्र तुकडा करा. कंसात अर्थ देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण आता तुमच्याकडे एक आयता दुवा आहे.

परवानगी दोनदा घ्या: आधी रेकॉर्डिंगसाठी, मग कापून तयार झालेला तुकडा ऐकवून तो लोकांसमोर ठेवण्यासाठी. दुसऱ्या वेळी माणसं हमखास एखादं नाव काढायला सांगतात. काढा. फोटोत दारावरची पाटी किंवा घर नंबर दिसत नाही ना ते बघा, आणि फाइलमध्ये दडलेली जागेची नोंद पुसून टाका.

कार्डांवर जाळं

संगणक अजून उघडायचा नाही. तीन बाय पाच इंचांची 24 कार्डं घ्या, एका कार्डावर एक तुकडा. मागच्या बाजूला दोन रकाने आखा: आत येण्याचे शब्द आणि बाहेर जाण्याचे शब्द, प्रत्येकी दोन किंवा तीन. ही युक्ती कोर्साकोव्ह या सॉफ्टवेअरची आहे. फ्लोरियन थालहोफर यांनी ते 2000 मध्ये केलं. त्यात एक तुकडा दुसऱ्याला थेट बांधत नाहीत. दोघांचे शब्द जुळले की पुढचा तुकडा आपणहून समोर येतो. तुकड्याला ‘आयुष्य’ही देता येतं, म्हणजे तो किती वेळा दिसावा ते. सॉफ्टवेअर वापरलं नाही तरी शब्दांची ही सवय लावून घ्यावी, कारण ‘यानंतर काय?’ हा प्रश्न ती डोक्यातून काढून टाकते.

उदाहरणच घेऊ. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेतून बडोद्यात बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. एका कार्डावर एवढंच:

‘पुस्तकांच्या मांडण्यांमधून चालताना पायाखाली जाड काच असते. वरचा उजेड तिच्यातून खालच्या मजल्यावर उतरतो. खाली पुस्तक शोधणाऱ्याला वर कोणीतरी चाललंय एवढं कळतं, कोण ते कळत नाही.’

इथून दुवा कुठे द्यायचा? पहिला मोह सयाजीरावांच्या चरित्राकडे जायचा होतो: 1875 साली कवळाण्याहून दत्तक, पुढे शाळा, ग्रंथालयं वगैरे. हा सांधा चुकीचा नाही, पण मेलेला आहे. दाबायच्या आधीच पलीकडे काय असणार ते वाचकाला ठाऊक असतं. आता ‘पायाखाली’ हा शब्द बाहेर जाण्याचा शब्द म्हणून ठेवा आणि ज्या कार्डाच्या मागे तोच शब्द आत येण्याचा आहे असं कार्ड शोधा. वाड्याच्या माडीवरच्या लाकडी फळ्या, ज्यांच्या आवाजावरून खालच्या माणसांना वर कोण आहे ते ओळखू येतं. काचेतून माणूस दिसतो पण ओळखू येत नाही. फळीवरचा दिसत नाही पण ओळखू येतो. ही गोष्ट दोन्ही कार्डांवर कुठेच लिहिलेली नाही, ती सांध्यात झाली. तिसरं कार्ड सुरसागर तलावाच्या पायऱ्यांचं. असे पाच-सहा सांधे साधले तरी काम वर येतं. बाकीचे साधे, वाट दाखवणारे असले तरी चालतात.

मग कार्डं जमिनीवर पसरून सुतळीने जोडा. एकही वाट बाहेर न जाणारं कार्ड असेल तर ते मुद्दाम शेवटाचं आहे का, ते ठरवा. एखाद्या कार्डाकडे आठ-दहा सुतळ्या आल्या असतील तर तो तुमचा चौक. वाड्यासारखंच: एक चौक हवा, फार तर दोन. सगळीच कार्डं चौक झाली तर वाचक फिरून फिरून तिथेच येतो आणि कंटाळतो. मांडवीचा चौक करायची हौस सगळ्यांना असते, कारण जुन्या शहराच्या चारी दरवाज्यांकडचे रस्ते तिथे भेटतात. हरकत नाही, फक्त मांडवीचं कार्ड पुन्हा पुन्हा वाचावं लागणार आहे हे लक्षात ठेवून ते 40 शब्दांवर आणा.

पहिलं वाक्य

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. वाचक कुठून येणार हे माहीत नसल्यामुळे कार्डाच्या पहिल्या वाक्यात ‘तो’, ‘ती’, ‘मग’, ‘पण’, ‘त्यानंतर’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ यांतलं काहीही चालत नाही. ‘तिने मग दार उघडलं’ हे सलग गोष्टीत छान वाटतं. जाळ्यात ‘ती’ कोण, हे वाचकाला मागे जाऊन शोधावं लागतं. ‘दिंडी दरवाजाची कडी आतून काढायला वाकावं लागतं’ असं सुरू करा. तपासायची रीत सोपी आहे: कार्ड हातात घ्या आणि त्याच्याकडे येणारं प्रत्येक कार्ड मोठ्याने वाचून लगेच हे वाचा. जीभ अडखळली की पहिलं वाक्य बदला.

सन आणि नावं यांची माहिती एकाच कार्डावर ठेवा. 1910 तीन ठिकाणी लिहिलं की दोन ठिकाणी दुरुस्त होतं आणि तिसऱ्या ठिकाणी राहून जातं.

ट्वाईनमध्ये चढवणं

ट्वाईन हे दुव्यांच्या गोष्टी बांधायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ब्राउझरमध्येही चालतं. क्रिस क्लायमस यांनी ते 2009 मध्ये काढलं. एक कार्ड म्हणजे एक चौकट. शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस घातले की दुवा होतो: [[मांडवी]]. त्या नावाची चौकट नसेल तर ट्वाईन ती लगेच तयार करतं. सोय उत्तम, पण मराठीत तिचाच फास बसतो.

मराठीत शब्द वाक्यात शिरला की त्याचं रूप बदलतं. ‘वाडा’ नावाची चौकट आहे आणि वाक्यात तुम्ही [[वाड्यात]] असं लिहिलंत तर ‘वाड्यात’ नावाची दुसरी, कोरी चौकट उगवते. पुढच्या वाक्यात ‘वाड्याच्या’. तासाभरात नकाशावर एकाच वाड्याच्या पाच रिकाम्या खोल्या. म्हणून दिसणारा शब्द आणि चौकटीचं नाव सुरुवातीपासून वेगळं लिहा: [[वाड्यात->वाडा]]. बाणाच्या डावीकडचं वाचकाला दिसतं, उजवीकडचं ट्वाईनसाठी.

दुसरा फास ‘ऱ्या’चा. ‘पायऱ्या’मधला हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, डोळ्याला सारखाच, संगणकाला वेगळा. गटातल्या दोघांचे कीबोर्ड निराळे असतील तर नाव अगदी बरोबर दिसत असूनही दुवा तुटतो, आणि कारण सापडत नाही. चौकटींची नावं छोटी आणि बिनगुंत्याची ठेवा: घाट, काच, फळी. नाव बदलायचंच असेल तर ते चौकटीवरच बदला. मग तिच्याकडे येणारे दुवे ट्वाईन स्वतः दुरुस्त करतं.

दुवा नामावर किंवा क्रियापदावर द्या, ‘इथे क्लिक करा’वर कधीच नाही. आणि तो वाक्याच्या शेवटाकडे असू द्या. पहिल्याच शब्दावर दुवा दिला तर वाचक उरलेला तुकडा न वाचताच निघून जातो.

ब्राउझरमधलं ट्वाईन गोष्ट त्याच संगणकावरच्या त्याच ब्राउझरमध्ये ठेवतं. प्रयोगशाळेतल्या संगणकाची सफाई झाली की गोष्ट गेली. रोज उठायच्या आधी फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या, नावात तारीख घालून.

फोटोची लांब बाजू 1200 पिक्सेल, वजन 200 केबीच्या आत. आवाज एकाच वाहिनीचा, 64 केबीपीएस एमपी3. मिनिटाला साधारण 480 केबी होतात. सगळं काम 10 एमबीच्या आत बसतं आणि मोबाइल डेटावरही चटकन उघडतं. ट्वाईनच्या फाइलमध्ये फोटो आणि आवाज आपोआप येत नाहीत, ते शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवावे लागतात. त्यांची नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मधे जागा नाही. विंडोजवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, सर्व्हरवर बहुधा पडतो; ‘घरी दिसत होता, चढवल्यावर फोटो गायब’ या तक्रारीच्या मुळाशी हेच असतं. आवाज आपोआप सुरू करण्याच्या भानगडीत पडू नका, ब्राउझर तो अडवतात. बटण द्या आणि खाली बोललेलं लिहून ठेवा.

अक्षरासाठी मुक्ता किंवा नोटो देवनागरी, किमान 18 पिक्सेल, ओळींतलं अंतर 1.6 पट. त्याहून कमी केलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेवा. इंग्रजी मथळ्यांना ते वाढवून शोभा येते, देवनागरीची शिरोरेषा तुटते.

वाचकांसमोर

पाच जण बसवा, त्यांतले दोघे बडोद्याबाहेरचे. काही समजावून सांगू नका. कोणत्या क्रमाने कुठे गेले ते मागे बसून कागदावर लिहा. दुवा दाबून दोन सेकंदांत कोणी मागे आला तर त्या सांध्याने कबूल केलेलं पलीकडे मिळालेलं नाही. दुव्याचा शब्द बदला, तुकडा शक्यतो तसाच ठेवा. पाचांपैकी एकही ज्या तुकड्यावर गेला नाही, त्याच्याकडे आणखी एक वाट काढा.

चढवताना मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’ हवं, अर्थात रोमन लहान अक्षरांत. अशा गोष्टी आणि खेळ ठेवायच्या ‘इच’ (itch.io) सारख्या संकेतस्थळावर फोल्डर झिप करून देतात, आणि झिपमध्ये हे नाव सापडलं नाही तर गोष्ट सुरूच होत नाही. नंतर एखाद्या आजींनी आपला तुकडा काढायला सांगितला तर चौकट खोडण्याआधी तिच्याकडे येणारे बाण मोजा आणि प्रत्येक बाण दुसऱ्या कार्डाकडे वळवा. फोल्डरमधली त्यांच्या आवाजाची फाइलही काढा. दुवा गेला तरी फाइल सर्व्हरवर राहते, आणि ज्याला पत्ता माहीत आहे त्याला ती ऐकू येते.